फसलेले स्फटिक चर्चासत्रात न्यावेत का?

प्रश्न : मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. पाण्यात फारसे न विरघळणाऱ्या एका औषधी आम्लाचे, पिरिडीन गट (नायट्रोजन असलेले वलय) असलेल्या रेणूंबरोबर को-क्रिस्टल, म्हणजे दोन वेगळ्या रेणूंचा मिळून बनलेला एकच स्फटिक, तयार करणे हा माझा विषय आहे. स्फटिक अभियांत्रिकीच्या (रेणूंची स्फटिकातली मांडणी ठरवून घडवण्याच्या शास्त्राच्या) गॉर्डन परिषदेला जोडून तरुण संशोधकांसाठी जे चर्चासत्र अमेरिकेत भरते, त्यासाठी अर्ज करावा असे मनात आहे. अडचण अशी, की अपेक्षेप्रमाणे आलेले दोन को-क्रिस्टल आमच्या शोधनिबंधात छापून झाले आहेत. उरलेल्या प्रयोगांत बहुतेक ठिकाणी नुसते मिश्रण राहिले, एका ठिकाणी को-क्रिस्टलऐवजी क्षार (आम्लाचा हायड्रोजन दुसऱ्या रेणूकडे जाऊन बनलेला) तयार झाला, आणि एक नवे रूप, म्हणजे वेगळ्या रचनेचा स्फटिक, एकदाच आले, ते पुन्हा काही केल्या येत नाही. माझ्या गाइड मॅडमचे म्हणणे, की छापून झालेले तेवढेच दाखव, बाकीचे कोणीतरी उचलेल. मला मात्र या फसलेल्या भागाविषयीच बोलावेसे वाटते. त्यात माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. इंग्रजीत उलट प्रश्न आला की माझी बोबडी वळते. अर्ज करू का, आणि केला तर काय दाखवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अर्ज अवश्य करा आणि फसलेला भागच मध्यभागी ठेवून करा, मात्र त्यातले नेमके काय बाहेर जाईल हे मॅडमशी बसून, शक्य तर लिहून ठरवल्याशिवाय सारांश पाठवू नका. या दोन गोष्टींपैकी एकच केलीत तर एक तर तुमचे चर्चासत्र वाया जाईल किंवा प्रयोगशाळेतले संबंध बिघडतील.

आधी जिथे जायचे आहे ती जागा समजून घेऊ, कारण मॅडमच्या भीतीचे अर्धे उत्तर तिथल्या नियमांतच आहे. गॉर्डन परिषदांची सुरुवात 1931 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ नील गॉर्डन यांनी केली, आणि छापून झालेले पुन्हा वाचून दाखवण्यापेक्षा अजून कच्च्या असलेल्या कामावर मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यांचा हेतू आजपर्यंत टिकून आहे. मुख्य परिषद रविवारी संध्याकाळी सुरू होऊन शुक्रवारपर्यंत चालते; तुम्ही म्हणता ते चर्चासत्र तिच्या आधीच्या शनिवार-रविवारी होते. कागदावर ते दोन दिवसांचे दिसते, पण प्रत्यक्षात शनिवारची दुपार ते रविवारची दुपार एवढाच त्याचा जीव असतो. तिथे अध्यक्षाच्या खुर्चीतही पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉकच बसलेला असतो, बोलणाऱ्यांपैकी बरेच जण अर्जाबरोबर आलेल्या सारांशांतून निवडलेले असतात, आणि ज्यांना भाषण मिळत नाही ते पोस्टर लावतात. एखाददुसरा ज्येष्ठ मार्गदर्शक सोडला तर मोठी नावे मुख्य परिषदेसाठी येतात, म्हणजे तुमचे बोलून झाल्यावर.

दोन्हीकडे एक नियम कडकपणे पाळला जातो : भाषणात, पोस्टरपुढे किंवा जेवणाच्या टेबलावर जे सांगितले जाईल ते खासगी संभाषण समजले जाते. स्लाइडचे आणि पोस्टरचे फोटो काढता येत नाहीत, ध्वनिमुद्रण करता येत नाही, कार्यवृत्त छापले जात नाही, आणि ऐकलेली माहिती सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. अर्थात हा नियम विश्वासावर चालतो आणि ऐकलेली कल्पना कोणाच्या डोक्यातून परत काढून घेता येत नाही. त्यामुळे मॅडमची काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण जिथे सगळेच जण अपुरे काम घेऊन आलेले असतात तिथे केवळ छापील निबंध दाखवणाऱ्याला प्रश्न कमी येतात आणि मदत त्याहून कमी मिळते, हेही मॅडमच्या कानावर घातले पाहिजे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो : फसलेल्या प्रयोगाला सांगण्याजोगे काम म्हणायचे का? तुमच्या विषयाचा इतिहास याचे उत्तर चांगले देतो. ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ हा शब्द रे पेपिन्स्की यांनी 1955 साली वापरला, पण त्यात प्राण भरला तो इस्रायलमधील वाइझमान संस्थेच्या गेरहार्ड श्मिट यांनी, सिनॅमिक आम्लांच्या अभ्यासातून. या आम्लांचे स्फटिक तीन प्रकारे रचले जातात. त्यांच्यावर प्रकाश पडला की पहिल्या प्रकारात शेजारचे दोन रेणू जोडले जाऊन एक संयुग मिळते, दुसऱ्या प्रकारात वेगळ्या ठेवणीचे दुसरे संयुग मिळते, आणि तिसऱ्या प्रकारात काहीच होत नाही. शेजारच्या दुहेरी बंधांमधील अंतर सुमारे 4.2 आंगस्ट्रॉमच्या (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आत असेल तरच क्रिया घडते, हा निष्कर्ष उभा राहिला तो त्या तिसऱ्या, निष्क्रिय रूपामुळे. त्याच्यावाचून मर्यादारेषा कुठे ओढायची हे कळले नसते. मात्र ते रूप उपयोगी पडले याचे कारण त्याची रचना माहीत होती आणि अंतरे मोजलेली होती. नुसते ‘क्रिया झाली नाही’ एवढेच हाती असते, तर त्याचा कोणालाच उपयोग झाला नसता.

हीच कसोटी तुमच्या तिन्ही प्रकारांना लावा.

मिश्रणच राहिलेले प्रयोग आधी घेऊ. आम्ल आणि पिरिडीन यांची हायड्रोजन बंधाने जुळणारी जोडी हा तुमच्या क्षेत्रातला हमखास वाटणारा सिंथॉन, म्हणजे रेणूंना जोडणारा ठरलेला सांधा, आहे. गौतम देसिराजू यांनी हैदराबाद विद्यापीठात असताना 1995 मध्ये सिंथॉनची कल्पना स्फटिकांसाठी मांडली, तेव्हापासून अशा जोड्यांच्या भरवशावर असंख्य आराखडे रचले गेले. तरीही ही जोडी प्रत्येक वेळी जुळत नाही, आणि का जुळली नाही हे सांगण्याआधी ती कोणत्या परिस्थितीत जुळली नाही हे सांगावे लागते. तुम्ही फक्त द्रावण हळूहळू वाळवून पाहिले असेल, आणि दोन घटकांपैकी एक त्या द्रावकात फारच कमी विरघळत असेल, तर तो एकटाच आधी खाली बसतो. त्यावरून दोघांचा को-क्रिस्टल अस्तित्वात येऊच शकत नाही असे ठरत नाही. द्रावकाचे दोन-चार थेंब टाकून खलात घोटून पाहिले का, दोन्ही घटकांची स्लरी (द्रावकातला न विरघळलेला लगदा) बराच काळ ढवळत ठेवून पाहिली का, डीएससीमध्ये (उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या यंत्रात) मिश्रण तापवताना आधी वितळून पुन्हा घट्ट होण्याची खूण दिसते का, हे तपासून घ्या. जिथे हे सारे करूनही पावडर पॅटर्नमध्ये (भुकटीवरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखात) मूळ दोन घटकांचीच शिखरे दिसतात, तेवढ्याच जोड्या भाषणात घ्या आणि उरलेल्या सोडून द्या. तीन भक्कम नकार वीस अर्धवट नकारांपेक्षा जास्त ऐकले जातात.

क्षाराचे प्रकरण सर्वांत सोपे आहे आणि बहुधा सर्वांत लवकर निकालात निघेल. आम्लारीच्या पीकेएमधून (आम्लधर्माच्या मापातून) आम्लाचा पीकेए वजा करून येणारा फरक चारच्या वर गेला तर क्षार मिळणार हे जवळपास धरून चालतात, फरक उणे एकच्या खाली असेल तर को-क्रिस्टल, आणि मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकते. तुमची जोडी त्या मधल्या पट्ट्यात असेल तर हा अपघात राहत नाही, ते उदाहरण ठरते. फक्त हायड्रोजन कोणाकडे आहे याचा पुरावा घट्ट ठेवा, कारण क्ष-किरणांना हायड्रोजन धूसरच दिसतो. कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध साधारण 1.21 आणि 1.31 आंगस्ट्रॉम असे असमान आहेत (म्हणजे को-क्रिस्टल) की दोन्ही 1.25 च्या आसपास आले आहेत (म्हणजे क्षार), आणि पिरिडीनमधील नायट्रोजनजवळचा कोन 117 अंशांच्या आसपास राहिला आहे (को-क्रिस्टल) की 122 अंशांकडे सरकला आहे (क्षार), हे आकडे एका छोट्या तक्त्यात दाखवलेत तर वाद तिथेच मिटेल.

खरा जीव आहे तो एकदाच आलेल्या रूपात. त्याची लाज वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. जॅक डुनिट्झ आणि जोएल बर्नस्टाइन यांनी 1995 मध्ये अशा ‘नाहीशा होणाऱ्या’ रूपांवर सविस्तर लेख लिहिला होता : एखादे रूप एकदा मिळते, मग अधिक स्थिर असे दुसरे रूप जन्माला येते, त्याचे डोळ्यांना न दिसणारे बीजकण प्रयोगशाळेत पसरतात, आणि पहिले रूप पुन्हा मिळणे अतिशय अवघड होऊन बसते. तीनच वर्षांनी, 1998 मध्ये, रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाने हेच फार मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. 1996 पासून बाजारात असलेल्या त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवे, कमी विरघळणारे रूप तयार होऊ लागले, कॅप्सूल विद्राव्यतेच्या चाचणीत नापास होऊ लागल्या, आणि ॲबट कंपनीला त्या बाजारातून काढून घेऊन औषध वेगळ्या स्वरूपात आणावे लागले. ज्या क्षेत्रात औषधाच्या कारखान्यालाही असा फटका बसतो, तिथे एका विद्यार्थिनीला एक रूप पुन्हा मिळत नाही यावर कोणी हसणार नाही; उलट त्या खोलीतल्या निम्म्या लोकांकडे अशी एखादी कहाणी असेल, फक्त ती त्यांच्या निबंधांत कुठे आलेली नसेल.

प्रश्न मात्र टोकदार येतील आणि त्यांची तयारी पुण्यातच करून जावी लागेल. पहिला प्रश्न हा, की तुमच्याकडे नेमका पुरावा काय आहे. एकच चांगला स्फटिक मिळून त्याची पूर्ण रचना सुटलेली असेल तर पाया पक्का आहे. केवळ पावडर पॅटर्नमध्ये चार नवी शिखरे दिसली असतील तर ‘नवे रूप’ हा शब्द वापरू नका, ‘अनोळखी अवस्था’ म्हणा. दुसरा प्रश्न तापमानाचा. रचना 100 केल्विनला मोजलेली आणि पावडर पॅटर्न खोलीच्या तापमानाला घेतलेला, अशी तुलना नेहमी होते, आणि थंडीत स्फटिक आकसल्यामुळे शिखरे सरकतात. हा फरक तुम्ही आपणहून सांगितला नाहीत तर पहिल्या रांगेतून कोणीतरी तो सांगेल, आणि तसे ऐकायला बरे वाटत नाही. तिसरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि पुण्यात काम करणाऱ्यांनी तो स्वतःला आधी विचारायला हवा. ते रूप कोणत्या महिन्यात आले? जुलैमधल्या दमट हवेत उघड्या बीकरमध्ये वाळवलेले द्रावण आणि मार्चच्या कोरड्या हवेत वाळवलेले द्रावण यांना एकच प्रयोग म्हणता येत नाही. तुमच्याकडे आलेले रूप मुळात हायड्रेट (पाणी सामावलेला स्फटिक) असू शकते, किंवा द्रावकात शिरलेल्या पाण्यानेच ते घडवलेले किंवा बिघडवलेले असू शकते. वहीतल्या तारखा काढा, द्रावकाची बाटली नवी होती की उघडलेली ते पाहा, शक्य असेल तर थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवताना वजन किती घटते ते मोजणे) करा. आणि बीजकणांचा संशय असेल, तर ज्या खोलीत हा रेणू कधीच गेलेला नाही अशा ठिकाणी, नव्या काचसामानात, ताज्या द्रावकाने प्रयोग करून पाहा. चर्चासत्राचा खरा लाभ इथेच होऊ शकतो : दुसऱ्या देशातल्या ‘स्वच्छ’ प्रयोगशाळेत तुमचा प्रयोग करून पाहायला तयार असलेला समवयस्क संशोधक भेटला, तर त्या एका ओळखीसाठीही प्रवास सार्थकी लागेल. मात्र नमुना किंवा कृती देण्याचे वचन मॅडमना विचारल्याशिवाय देऊ नका.

मॅडमकडे जाताना ‘मला दाखवू द्या’ असा हट्ट घेऊन जाण्याऐवजी सारांशाचा मसुदा घेऊन जा आणि त्यातल्या प्रत्येक संयुगासमोर काय करायचे ते दोघींनी मिळून ठरवा. प्रकल्पाचा निधी त्यांच्या नावावर आहे, तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांचे काम त्यांनाच सांभाळायचे आहे. त्यांचा शब्द अखेरचा असणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या संमतीवाचून सहलेखकांचे काम बाहेर नेणे गैरच ठरेल. त्यांना पहिला प्रश्न पेटंटचा विचारा. औषधाच्या नव्या रूपाचे पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज आधी आणि सारांश नंतर, यात तडजोड नाही. तसा विचार नुसताच हवेत असेल, तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) ची आठवण करून द्यायला हरकत नाही : परिणामकारकता वाढल्याचे दाखवता आले नाही तर ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, आणि एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक औषधाबाबत, म्हणजे इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाबाबत, याच कलमाच्या आधारे निकाल दिला. जे रूप तुम्हाला पुन्हा तयारच करता येत नाही, त्याचे पेटंट ही तशीही दूरची गोष्ट आहे.

पेटंटचा विषय संपला आणि केवळ ‘कोणी आधी छापेल’ एवढीच भीती उरली, तर त्यावर एक उपाय आहे. सुटलेली रचना निबंधाची वाट न पाहता केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेस (सीएसडी) या स्फटिकरचनांच्या संग्रहात सीएसडी कम्युनिकेशन म्हणून प्रसिद्ध करता येते. तिला तुमच्या नावासह डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि ती कोणी आधी नोंदवली याचा वाद राहत नाही. अर्थात ती मग सर्वांसाठी खुली होते, म्हणून हे पाऊल पेटंटचा निर्णय झाल्यावरच.

मध्यममार्ग म्हणून पुष्कळ जण रेणूचे नाव झाकून ‘संयुग अ’ आणि ‘संयुग ब’ दाखवतात. माझे मत स्पष्ट आहे : तसे करू नका. स्फटिक अभियांत्रिकीत रेणूच झाकला तर हायड्रोजन बंध कोणाचा कोणाशी यावर चर्चा करायला काही उरतच नाही, आणि श्रोते कंटाळून मोबाइलकडे वळतात. जे दाखवायचे ते पूर्ण दाखवा. जे दाखवता येत नाही ते या वेळी वगळा. मॅडमनी एकदाच आलेल्या रूपाला नकार दिला तरी मिश्रणे आणि क्षार एवढ्यावर एक चांगले भाषण उभे राहते. छापून झालेले दोन को-क्रिस्टल त्यात सुरुवातीला एका स्लाइडवर येऊन जातील, म्हणजे मॅडमचेही मन राहील. शीर्षकाबाबत एक सावधगिरी : भाषणे गोपनीय असली तरी कार्यक्रमपत्रिका गोपनीय नसते, म्हणून शीर्षकात औषधाचे नाव घालायचे की नाही हेही त्याच बैठकीत ठरवा.

इंग्रजीची भीती मी हलकी लेखत नाही, पण तिचा आकार बरोबर मोजा. तिथे जपान, कोरिया, पोलंड, ब्राझील अशा ठिकाणांहून आलेली माणसे असतील आणि त्यांच्यापैकी अनेकांची इंग्रजी शाळेत शिकलेली, तुमच्यासारखीच असेल. भाषण पाठ करता येते, त्यामुळे तिथे अडचण येणार नाही. अडचण येते ती प्रश्न न कळल्यावर. त्यासाठी तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या दोन-तीन मित्रमैत्रिणींना समोर बसवून त्यांना मुद्दाम वेगाने, अर्धवट वाक्यांत प्रश्न विचारायला सांगा, आणि प्रत्येक प्रश्न आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणून मगच उत्तर द्यायची सवय लावा. प्रश्न नीट कळला की नाही हे त्यातूनच ठरते आणि विचाराला चार क्षणही मिळतात. ‘हे मी तपासलेले नाही’ हे वाक्य सरळपणे म्हणायचा सरावही करा. फसलेल्या प्रयोगांवर बोलणाऱ्याला ते वारंवार लागते. अर्जात भाषणासाठी विचार व्हावा अशी इच्छा नोंदवा. भाषण मिळाले नाही तर पोस्टर आहेच, आणि पोस्टरपुढे एकेकट्याशी बोलणे तुम्हाला कदाचित अधिक मानवेल.

पैशाचे थोडक्यात : चर्चासत्र आणि मुख्य परिषद यांचे अर्ज वेगळे आणि शुल्कही वेगळे असते, मात्र शुल्कात राहणे-जेवण धरलेले असते. विमानभाड्यासाठी पूर्वीच्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा घेतलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या आणि सीएसआयआरच्या प्रवास साहाय्य योजनांचे चालू नियम पाहा. दोन्हीकडे स्वीकृतिपत्र मागतात, आणि आयोजकांकडेही थोडी मदत असू शकते, ती विचारण्यात संकोच नको. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मिळायला किती महिने लागतील याचा नेम नसतो, म्हणून पासपोर्टची मुदत आजच पाहून ठेवा. मॅडमशी बोलणेही लांबवू नका : भाषणासाठी सारांश पाठवण्याची मुदत सर्वसाधारण अर्जाच्या मुदतीच्या बरीच आधी संपते, आणि ती चुकली की तुमच्यासाठी फक्त पोस्टरचाच पर्याय उरेल.